एका बटनाची पेटी

पेटीला आधी पाच बटनं होती. पहिलं भिंतीवरचं, दुसरं बूस्टरचं, तिसरं टीव्हीचं, चौथं खेळाच्या बोर्डाला वीज देणाऱ्या डब्याचं आणि पाचवं वरच्या बल्बचं. ती याच क्रमानं दाबायची. बूस्टर म्हणजे विजेचा पडलेला दाब वर नेणारा डबा; तो सुरू केला की त्याच्या काचेतला काटा दोनशेवीसवर येईपर्यंत गोल मूठ एकेक टप्पा फिरवायची. असे सहा टप्पे होते. काटा थांबला की टीव्ही, पडदा तापून करडा झाला की बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी बल्ब. बल्ब लागला की बाहेर उभ्या असलेल्यांना कळायचं, पेटी तयार आहे. बाबांनी हा क्रम मला एकदा सांगितला आणि तीनदा करून घेतला. तो मी अजून विसरलेले नाही. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

पेटी हा गावानं दिलेला शब्द. बाबांनी असं यंत्र नागपूरला एका दुकानात पाहिलं होतं: उभं, तिरप्या पडद्याचं, पुढे एक दांडी आणि दोन गुंड्या, पडद्यावर एक विमान आणि वरून येणारे दगड. ते दगड चुकवायचे किंवा फोडायचे, एवढाच खेळ. बाबा तिथे अर्धा दिवस उभे राहिले, खेळले नाहीत. परत आले ते कागदावर मापं घेऊन. नंतरच्या खेपेला जुन्या बाजारातून त्यांनी खेळाचा बोर्ड आणला, आणि वर्षभर मागच्या अंगणात पेटीचं काम चाललं. शहरातली अशी यंत्रं प्लायवुडची असत. आमच्या चामोर्शीत प्लायवुड दुर्मीळ आणि सागवान घरोघर, म्हणून पेटी सागवानाची झाली. लाकूड डेपोच्या लिलावातल्या तुकड्यांचं होतं. एका फळीवर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का उमटलेला होता. बाबांनी ती फळी मुद्दाम पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर लावली. लाकूड चोरीचं नाही ना, असं कोणी विचारलंच तर दाखवायला आत शिरावं लागू नये. पुढे आमच्या बीटचा वनरक्षक स्वतःच खेळायला येऊ लागला, तेव्हा त्याचा गुडघा बरोबर त्या शिक्क्याला टेकलेला असे. पेटी उचलायला चार माणसं लागत.

बाबा धानाच्या मिलमध्ये मिस्त्री होते. मोटर, पट्टे, चाळण्या, वायरिंग, सगळं त्यांच्याकडे. मिल बाजाराच्या टोकाला होती आणि गावातले दिवे तिच्या इशाऱ्यावर चालत. सकाळी मिलची मोटर सुरू झाली की घराघरातला बल्ब एकदम पिवळा पडायचा, पंख्याची पाती मोजता यायची. दुपारी एकला भोंगा व्हायचा, दोनेक मिनिटांनी मोटर थांबायची, आणि तेच बल्ब पांढरेशुभ्र व्हायचे. माझी माय अंगणवाडीत होती. तिच्याकडे घड्याळ होतं, पण ती बल्बाकडे पाहून भात उतरवायची. आमच्या घराचे आवाज मला आजही क्रमानं आठवतात: पहाटे मायचा खराटा, मग बाबांचा रंधा, मग मिलची घरघर, आणि तिच्यावर दिवसभर बाकीचे सगळे. मिल थांबली की आम्ही नकळत हळू बोलू लागायचो. जेवायला भात आणि लाखोरीचं वरण, बरोबर अंबाडी किंवा सुकलेल्या झिंग्यांची चटणी. झिंगे भाजले की तो वास बाबांच्या लाकडाच्या भुशालाही लागायचा.

पेटी ठेवायची कुठे, हा प्रश्न व्यंकटभाऊंनी सोडवला. त्यांचं बांगड्यांचं दुकान बाजारात, मिलच्या समोर तिरपं. सिरोंच्याकडून आलेलं कुटुंब. घरात तेलुगू, गल्ल्यावर मराठी, आणि रागावले की हिंदी. बाबांची त्यांची ओळख दुकानातल्या दिव्यांवरून झाली होती. दुकान लांबट होतं. आतल्या अर्ध्या भागात बाया गादीवर बसून बांगड्या भरायच्या, पुढचा अर्धा भाग मोकळा राहायचा. तिथे पेटी आली. बायांना सुरुवातीला ते आवडलं नाही, पण मधे पडदा बांधल्यावर त्यांनी हरकत सोडली. नाणं टाकायची सोय पेटीत नव्हती. व्यंकटभाऊंनी आपल्या मालातून उपाय काढला: ज्याची पाळी असेल त्यानं हिरवी काचेची बांगडी हातात धरायची आणि खेळ संपला की परत करायची. मिशा फुटलेली पोरं बांगडी धरून रांगेत उभी राहायची आणि मागचे विचारायचे, "कोनाच्या नावाचा चुडा भरला बे?" दगड आदळला की एखाद्याच्या हातून बांगडी जायची. मग व्यंकटभाऊ आतून आवाज द्यायचे, "बढली काय रे?" बांगडी त्या दुकानात कधी फुटत नसे. ती बढायची.

माझी बारावीची परीक्षा झाली होती आणि निकालाला वेळ होता. बाबा मिलमध्ये असायचे, व्यंकटभाऊंना काट्याची भीती वाटायची, म्हणून बूस्टरजवळ मी बसायचं ठरलं. सकाळी नऊ ते दुपारी एक. एक लाकडी स्टूल, समोर काटा, हाताखाली मूठ. बाजारातल्या दुकानात मुलीनं रोज बसावं हे तेव्हा साधं नव्हतं. बांगड्यांचं दुकान म्हणून ते चाललं. काम कठीण नव्हतं, लक्ष देण्याचं होतं. मिलमध्ये एखादी जास्तीची चाळणी सुरू झाली की काटा पडायचा. येता-जाता बाबा दारातूनच पाहायचे आणि म्हणायचे, "एक टप्पा बढव," किंवा "दोन बढव." मी मूठ फिरवायचे. एकचा भोंगा झाला की उलट क्रमानं सगळं बंद करून मी उठायचे. मिल थांबेपर्यंत पेटी थंड झालेली असायची आणि व्यंकटभाऊही जेवायला निघायचे. भोंगा सगळं सांगायचा, म्हणून पेटी बंद करायला मला कोणी कधी शब्दानं सांगितलं नव्हतं. हे मला नंतर लक्षात आलं.

पुढे माझं सगळं आयुष्य वर्तमानपत्राच्या संपादकीय टेबलावर गेलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या वाचायच्या आणि त्यातला कोणता शब्द दोन अर्थांनी घेतला जाईल ते शोधायचं, हे माझं काम. एकदा पावसाळ्यात एका वार्ताहरानं फोनवर सांगितलं की धरणाचे दरवाजे लावले. माझ्या शेजारच्यानं ते उघडले म्हणून उतरवून घेतलं. मी परत फोन लावून विचारलं. सहकारी हसले. त्यांना माझ्या या सवयीचं कारण माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नाही.

तो दिवस पेटीचा दुसरा आठवडा संपतानाचा. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. मिल पूर्ण जोरात होती, काटा धरून ठेवायला मूठ चौथ्या टप्प्यावर होती. खेळणारा पोरगा चांगला होता, मागे सात-आठ जण गोळा झाले होते. व्यंकटभाऊ दुकानाच्या पायरीवर मिलकडे तोंड करून उभे होते. मिलचा कोंडा एका मोठ्या नळीतून बाहेर उडायचा आणि ढिगावर पडायचा. ती धूळ बाजारातून दिसायची. त्यांनी पाहिलं की नळीतून कोंडा येणं थांबलं आहे. धान कुठेतरी अडकलं होतं. याचा अर्थ त्यांना कळला: आता भोंग्याविना मोटर थांबणार आणि लाइन एकदम चढणार. ते वळले आणि मला म्हणाले, "सुजाता, बढव. बढव लवकर."

मी दोन टप्पे बढवले.

त्यानंतरचं सगळं एका श्वासात झालं. मिलची घरघर तुटली. दुकानातली ट्यूब लख्ख झाली. पेटीवरचा बल्ब निळसर पांढरा झाला आणि गेला. पडद्यावरचं विमान रुंद होत काठापर्यंत फुगलं, मग सगळा पडदा एका आडव्या रेघेत मिटला, आणि आतून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. पेटीच्या मागच्या भोकांतून धूर निघाला, फार नाही. मी भिंतीवरचं बटन दाबलं. रांगेतल्या कोणाच्या तरी हातातली बांगडी खाली पडली, आणि या वेळी ती बढली की फुटली हे कोणी विचारलं नाही.

बाबा दुपारी आले. त्यांनी मागची फळी काढली, वास घेतला, बोट लावून पाहिलं. टीव्हीचा विजेचा भाग आणि बोर्डाचा डबा गेला होता, बोर्ड वाचला होता. त्यांनी मला विचारलं, काटा कितीवर होता. मी म्हटलं, पाहिला नाही. ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. बूस्टरची मूठ सहावर होती, पण धूर पाहून घाईत मी ती शून्यावर आणली होती. व्यंकटभाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांनी एवढंच सांगितलं की लाइन अचानक चढली. बाबांनी मान हलवली आणि फळी लावून टाकली.

जळालेली वस्तू बदलता येते. अडचण दुसरी होती. आमच्या वस्तीत नवा विहार बांधून होत आला होता. त्याच्या वायरिंगचं काम बाबांनी मागून घेतलं होतं, मजुरी न घेता. बुद्ध पौर्णिमेला त्यात दिवे लागायचे होते. बाबांनी नकाशा काढला होता, कोणती वायर कुठून, एकही भिंतीवर दिसणार नाही अशी. तो कागद ते जेवणानंतर उघडून बसत आणि पुन्हा घडी घालून ठेवत. पेटी जळल्यावर चारच दिवसांत विहार समितीचे गुरुजी घरी आले. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, बाबांना त्यांनी शिकवलेलं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग ते म्हणाले की घाई नको, लोक म्हणतात लाकडात मिस्त्रीचा हात आहे, विजेचं एखाद्या गडचिरोलीच्या माणसाला विचारून पाहू. विहारात लहान मुलं येणार. बाबा म्हणाले, बरोबर आहे गुरुजी. गुरुजींना पोचवायला ते फाटकापर्यंत गेले. परत येऊन त्यांनी तो कागद घेतला आणि ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवला. मिलमध्येही बोलणं सुरू झालं होतं. हमालांपैकी एकानं विचारलं, "मिस्त्री, पेटीतून धूर निघाला म्हनते. आत चूल बी बसवली काय?" बाबांनी हे घरी येऊन स्वतःच सांगितलं, हसत. माय हसली नाही.

त्या दिवसांत मी फार कमी जेवत होते. मला वाटत होतं की मी सांगितलेलंच केलं. व्यंकटभाऊंनी बढव म्हटलं, मी बढवलं. मग चूक त्यांची. पण व्यंकटभाऊ गावात सगळ्यांना लाइनच खराब असं सांगत होते, माझं नाव कुठेच घेत नव्हते, आणि आपली चूक असलेला माणूस असा वागत नाही, एवढं मला कळत होतं. म्हणजे चूक माझी होती, पण कोणती ते समजत नव्हतं. गुरुजी येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार, मिल बंद. आम्ही तिघं जेवायला बसलो. मायनं माझ्या ताटाकडे पाहून विचारलं, "पोटात दुखते का डोक्यात?" मी ताट पुढे सरकवलं आणि सांगून टाकलं. मूठ मी वर नेली, नंतर शून्यावर आणली, ते सगळं.

बाबांचा हात भातातच थांबला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "त्यानं काय म्हनलं? शब्द सांग."

"बढव."

"किती टप्पे, ते सांगतलं?"

"नाई. बढव लवकर, एवढंच."

बाबांनी जेवण संपवलं, मला जेवायला लावलं, हात धुतले आणि म्हणाले, "चाल."

व्यंकटभाऊंचं दुकान अर्धं उघडं होतं. एक बाई बांगड्या भरून उठत होती. ती जाईपर्यंत बाबा पायरीवर थांबले. मग मी सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, काही न वाढवता. व्यंकटभाऊंनी आधी बाबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "मले वाटलं पोरीले ऐकू आलं नसन," ते म्हणाले. "म्हनून म्या चूप राह्यलो. मी तर तिले पेटी थांबवाले सांगतलं."

"बंद नाई म्हनलं तुम्ही," मी म्हटलं. "बढव म्हनलं."

"तेच तं," व्यंकटभाऊ म्हणाले. "बांगडीच्या दुकानात तसं म्हनू काय जी, मिस्त्री? भर दुकानात? आमचे बुढे दुकान बढवत, दिवा बढवत. तो शब्द माह्या बापानं या उंबरठ्याच्या आत कधी काढला नाई."

आमच्या घरात याच्या नेमकं उलट होतं. बाबांना शकुन-अपशकुन चालत नसे. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभं राहून आजोबांनी जे सोडलं ते आम्ही शब्दांतही सोडलं होतं. आमच्याकडे दिवा बंद व्हायचा, बांगडी फुटायची, माणूस मरायचा. बढव हा शब्द बाबांनी मिलच्या बोर्डावरून घरी आणला होता आणि त्याचा अर्थ एकच होता. बाया बांगडी बढली म्हणतात हे मी दोन आठवडे रोज ऐकत होते. तोच शब्द पेटीलाही लागू होईल, हे मनात आलं नव्हतं. दुकान संध्याकाळी बढवलं जायचं तेव्हा मी घरी असायचे.

मग बाबा पेटीवर हात ठेवून म्हणाले, "व्यंकटभाऊ, तुम्ही बरोबर सांगतलं. पोरीनं बरोबर ऐकलं. अन् मोटर कोनी थांबवली? म्याच. धान अडकलं होतं, थांबवाच लागते, तेही बरोबर. तिघंबी बरोबर, अन् पेटी जळली. मंग चूक कोनाची?"

व्यंकटभाऊ म्हणाले, नशिबाची. बाबा म्हणाले, "पेटीची. मानसानं मानसाले बराबर बोललं तरच जे यंत्र वाचते, ते यंत्र अर्धं राह्यलं. ते म्या अर्धं सोडलं होतं."

परत येताना मी म्हटलं की मी गुरुजींना जाऊन सांगते, मूठ माझ्या हातात होती. बाबा चालत राहिले. मिलच्या कोपऱ्यावर ते म्हणाले, "पोरीचं नाव सांगून मले विहाराचं काम नाई पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात पुन्हा काम सुरू झालं. मिलमधल्या मोडीत पडलेल्या स्टार्टरमधून बाबांनी तांब्याची गुंडाळी आणि चुंबक काढलं. नागपूरला जाऊन काही रिले आणले; रिले म्हणजे विजेनंच दबणारं आणि उठणारं बटन, असं त्यांनी मला समजावलं. कल्पना सोपी होती. जे मी काट्याकडे पाहून हातानं करत होते ते रिलेनं करायचं: लाइन पडली की एक टप्पा वर, चढली की खाली, आणि फारच चढली तर सगळं तोडून टाकायचं. टीव्ही, बोर्ड आणि बल्ब यांना वीज एकापाठोपाठ एक, मधे वेळ देऊन. माणसानं फक्त एक बटन दाबायचं. मी वायरींना रंगीत कागद बांधत होते, तांब्याचे वेढे मोजत होते, आणि त्यात गुंतलेली असतानाच एका दुपारी माझ्या ध्यानात आलं की या पेटीला स्टूल लागणार नाही. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं. वेढे संपल्यावर ते म्हणाले, "तुह्याच जागी हे बसवून राह्यलो मी." मी म्हटलं, माहीत आहे. मी पुढचा कागद बांधला.

बटनाच्या खाली अक्षरं लिहायचं काम माझ्याकडे आलं, माझं अक्षर बरं म्हणून. एका बाजूला मी पांढऱ्या रंगानं चालू लिहिलं. दुसऱ्या बाजूला ब काढला आणि थांबले. दुकान व्यंकटभाऊंचं होतं. बाबांनी पाहिलं, चिंधी रॉकेलमध्ये बुडवून दिली. मी तो ब पुसून टाकला. ती बाजू कोरीच राहिली.

पेटी पुन्हा दुकानात नेली त्या दिवशी बाबांनी गुरुजींना बोलावलं. कारण सांगितलं नाही, फक्त बारा-साडेबाराला चहा प्यायला या म्हटलं. गुरुजी आले, समितीचे आणखी दोघं आले. पोरांची रांग होतीच. पडद्याआड दोन बाया बांगड्या भरत होत्या, त्यांनी पडदा बाजूला केला. मिल चालू होती आणि ट्यूब पिवळी पडली होती. बाबांनी एक साधा बल्ब दुकानाच्या लाइनवर वेगळा लावून ठेवला होता, लाइन किती पडते-चढते ते सगळ्यांना दिसावं म्हणून. मग ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, "लाव."

मी हात पुढे केला आणि थांबले. त्या महिन्यानंतर कोणताही शब्द मला पहिल्यासारखा ऐकू येत नव्हता. दिवा लावतात तो पेटवायला आणि दार लावतात ते मिटायला. मी विचारलं, "लाव म्हनजे?"

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग व्यंकटभाऊ हसायला लागले, त्यांच्या मागे बाया, आणि शेवटी बाबा. गेल्या कित्येक दिवसांत ते असे हसले नव्हते. डोळे पुसत ते म्हणाले, "एकच बटन आहे बाई. दाब."

मी दाबलं. आत एक खट्ट झालं, थोड्या वेळानं दुसरं. पडदा करडा झाला. तिसऱ्या खट्टला विमान आलं, चौथ्याला वरचा बल्ब लागला. बूस्टरजवळ कोणी नव्हतं. एक पोरगा हिरवी बांगडी धरून पुढे झाला आणि खेळू लागला. गुरुजी चहा न पिता पाहत होते. एक वाजला, भोंगा झाला. माझा हात सवयीनं बटनाकडे गेला. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. मी हात मागे घेतला आणि पाठीमागे धरून ठेवला. दोन मिनिटं फार लांब होती. मग मिलची घरघर खाली बसली, बाबांनी टांगलेला साधा बल्ब झगझगीत पांढरा झाला, ट्यूब लख्ख झाली, आणि पेटीत ओळीनं तीन वेळा खट्ट झालं. पडद्यावरचं विमान एक बोटही फुगलं नाही. पोरगा तर खेळतच होता. त्याला काही झालं हेच कळलं नाही.

गुरुजींनी कप खाली ठेवला. त्यांनी साध्या बल्बाकडे पाहिलं, पेटीवरच्या बल्बाकडे पाहिलं, आणि वर्गात उत्तर बरोबर आलेल्या मुलाला पुढचा प्रश्न घालावा तसं विचारलं, "विहाराले किती बटनं लागतीन, मिस्त्री?"

"लागतीन तितकी," बाबा म्हणाले. "कागद ट्रंकेत आहे. आनतो."

ते घरी गेले, गुरुजीही त्यांच्याबरोबर निघाले. खेळ संपला, पोरानं बांगडी परत दिली, रांग जेवायला पांगली. माझं स्टूल व्यंकटभाऊंनी उचललं आणि आत नेऊन ठेवलं, गुडघे दुखणाऱ्या एखाद्या बाईला बसायला होईल म्हणून. मग फळ्या लावायला घेताना ते पेटीपाशी आले. मी बटनाजवळच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, जरा विचार केला, आणि हनुवटीनं बटनाची कोरी बाजू दाखवली.

मी दाबलं.